चित्रपटशिक्षण, भारतातील

चित्रपटनिर्मितीची तांत्रिक व कलात्मक अंगे, तसेच चित्रपटाचा इतिहास व रसग्रहण यांचे पद्धतशीर शिक्षण. मॉस्को येथे १९१९ मध्ये स्थापन झालेली चित्रपटशाळा ही या क्षेत्रातील आद्य संस्था मानली जाते. भारतात अशी संस्था निघण्यास त्यानंतर चार दशके जावी लागली.

तोपर्यंत हे ज्ञान मुख्यतः उमेदवारीच्या मार्गाने मिळत असे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये चित्रपटतंत्राची माहिती करून घेतली व मायदेशी परतल्यावर ते कुटुंबीयांना व सहकाऱ्यांना शिकविले. कोल्हापूर येथील बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस्. फत्तेलाल प्रभृती तयार झाले आणि त्यांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. या पद्धतीत नवशिक्याचा हात तयार होई. परंतु गुरूला जे अवगत असेल तेवढेच शिष्याला मिळे आणि प्रवेश ओळखीपाळखीवर अवलंबून राही. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या चित्रपटसंस्था मोडकळीस आल्या, तेव्हा उमेदवारीची ही व्यवस्थाही खिळखिळी झाली.

स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटशिक्षणाची स्वतंत्र संस्था काढण्याची शिफारस केली. तीनुसार १९६० मध्ये पुणे येथे भारत सरकारने चित्रपट संस्था स्थापन केली. तिच्यासाठी निवडलेली जागा म्हणजे प्रभातचेच बंद पडलेले कलागृह होय. प्रभातच्या रामशास्त्री (१९४४) या चित्रपटात प्रमुख भूमिका करणारे गजानन जागीरदार हे संस्थेचे पहिले प्राचार्य होत. १९६१ पासून दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिमुद्रण, संकलन इ. विषयांचे अध्यापन सुरू झाले. १९७४ मध्ये दूरचित्रवाणी-प्रशिक्षणाचा विभाग दिल्लीहून पुण्यास आल्यावर संस्थेस ‘भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था’ असे नाव मिळाले व तिला स्वायत्त दर्जा प्राप्त झाला.

संस्थेचे खरे वेगळेपण केवळ यंत्रसामग्रीत नव्हते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ग्रंथालय जितके आवश्यक, तितकाच चित्रपटाच्या विद्यार्थ्याला जुन्या चित्रपटांचा संग्रह आवश्यक असतो. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्याने ही गरज भागली. पी. के. नायर यांनी देशोदेशींचे चित्रपट चिकाटीने जमविले. फाळके यांच्या मूकपटांचे उपलब्ध भागही त्यांच्या प्रयत्नांमुळे जतन झाले. प्रा. सतीश बहादूर यांनी एकेका दृश्याची उकल करून रसग्रहण शिकविण्याची पद्धत रुजविली. विख्यात बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांनी अल्पकाळच अध्यापन केले, तरी मणी कौल, कुमार शहानी व जॉन अब्राहम या विद्यार्थ्यांवर त्यांचा खोल ठसा उमटला. येथील पदविकाधर के. के. महाजन यांनी भुवन शोम (१९६९) व माया दर्पण (१९७२) या चित्रपटांचे छायालेखन केले. अदूर गोपालकृष्णन यांच्या स्वयंवरम् (१९७२) या चित्रपटाने मलयाळम् चित्रपटास नवे वळण दिले. चित्रपटव्यवसायाच्या रूढ चाकोरीबाहेरील या नव्या चित्रपटाच्या घडणीत पुण्यातील शिक्षणाचा वाटा मोठा आहे.

चित्रपटव्यवसायाला कुशल तंत्रज्ञ पुरवावयाचे की स्वतंत्र दृष्टीचे कलावंत घडवावयाचे, हा वाद मात्र आरंभापासून चालत आला आहे. अभिनयविभागातून जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी असे नामवंत कलाकार पुढे आले. तरीही तो विभाग दीर्घकाळ बंद राहून २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. संस्थेची सूत्रे कोणाकडे असावीत या प्रश्नावर विद्यार्थ्यांनी वेळोवेळी आंदोलने केली. अध्यक्षपदावरील नियुक्तीच्या विरोधात २०१५ मध्ये झालेला संप १३९ दिवस चालला.

विद्यापीठांनी चित्रपट हा अभ्यासविषय म्हणून उशिरा स्वीकारला. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये जनसंपर्क संशोधन केंद्र १९८२ मध्ये निघाले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९९३ मध्ये चित्रपट-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. कोलकात्यातच १९९५ मध्ये सत्यजित राय यांच्या नावाने दुसरी राष्ट्रीय चित्रपटसंस्था स्थापन झाली. या विद्यापीठीय अभ्यासात निर्मितीपेक्षा चित्रपटाचा इतिहास, समाजाशी असलेला त्याचा संबंध व प्रेक्षकवर्ग यांच्या चिकित्सेवर भर असून अलीकडे अंकीय माध्यमांचाही त्यात समावेश झाला आहे.

या साऱ्या अध्ययनाचा आधार किती नाजूक आहे, हे जानेवारी २००३ मध्ये प्रत्ययास आले. पुण्यातील संस्थेच्या आवारात ठेवलेल्या, ज्वालाग्राही नायट्रेटपासून बनविलेल्या जुन्या फितींचा मोठा साठा आगीत भस्मसात झाला. प्रभातच्याच भूमीवर चित्रपटवारशाची ही हानी व्हावी, ही दुर्दैवाची गोष्ट होय. त्यानंतर चित्रपटांच्या अंकीय प्रती करण्यास वेग आला. २०२२ मध्ये संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. अंकीय प्रतींमुळे जुने चित्रपट विद्यार्थ्यांना सुलभ झाले असले, तरी त्या प्रतीही साधने बदलतील तसतशा नव्याने उतरवून घ्याव्या लागतात. मूळ फितीची जागा त्या पूर्णपणे घेऊ शकत नाहीत. म्हणून चित्रपटाचे जतन हा चित्रपटशिक्षणाचाच एक अविभाज्य भाग ठरतो.