किरमिजी गुलाब : नाव एकाचे, वहिवाट दुसऱ्याची

युरोपातील जुन्या गुलाबांना खरा किरमिजी रंग नव्हता, हे आज सांगितले तर पुष्कळांना पटणार नाही. तेथील तांबडी म्हणविणारी फुले जांभळटपणाकडे झुकत आणि सुकताना तर उघड जांभळी पडत. शिवाय बहुतेकांचा बहर वर्षातून एकदाच. वारंवार फुलणारा, उन्हात विटण्याऐवजी गडद होत जाणारा किरमिजी गुलाब मूळचा चीनचा. पण इंग्लंडला तो गेला आपल्या कलकत्त्याहून. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराशी निगडित असलेल्या गिल्बर्ट स्लेटर यांच्याकडे तो १७९२ च्या सुमारास पोहोचला आणि १७९४ साली विल्यम कर्टिस यांच्या 'बोटॅनिकल मॅगझिन'मध्ये त्याचे चित्र प्रसिद्ध झाले. पुढे १८०९ मध्ये फिकट गुलाबी आणि १८२४ मध्ये पिवळा, असे दोन चहागंधी गुलाब चीनहून इंग्लंडात आले. या चिनी वाणांच्या संकरांतून 'टी रोझ' हे कूळ वाढले. हा गंध ताज्या चहापत्तीचा. आपल्या दूधसाखरेच्या चहाचा नव्हे!

या कुळात पिवळे, गुलाबी, जर्दाळूच्या छटेचे गुलाब विपुल, पण किरमिजी विरळा. म्हणूनच १८९४ साली लियाँच्या फ्रान्सिस द्युब्रेई यांनी आपल्या नावाने दिलेल्या किरमिजी वाणाचे मोल मोठे. हे गृहस्थ मूळचे शिंपी. त्यांची कन्या आंत्वान मेय्याँ यांना दिली होती आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर गाजलेला 'पीस' गुलाब निर्माण करणारे फ्रान्सिस मेय्याँ हे त्यांचेच नातू. आता गंमत पाहा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या गुलाबांचा शौक पुन्हा वाढला, तेव्हा अनेक रोपवाटिकांनी 'फ्रान्सिस द्युब्रेई' म्हणून जे झाड विकले, त्याची ठेवण जुन्या वर्णनांशी जुळेना. ते बहुधा कोर्डेस यांचे १९३२ चे 'बार्सिलोना', असे जाणकारांचे मत पडले. महसुलाच्या कागदांत आम्ही उमेद घालविली. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार आम्हांस नवा नाही. फुल सुंदर आहे, याबद्दल तक्रार नाही. परंतु खोट्या नावाने परतलेले झाड खऱ्याचा शोधच थांबविते, हे नुकसान लहान नव्हे.

बर्म्युडाच्या लोकांनी याहून शहाणपणाची रीत काढली. तेथील गुलाबप्रेमींची संस्था १९५४ साली स्थापन झाली. ज्या झाडाचे नाव निश्चित ठाऊक नाही, त्याला ते कयासाने जुने नाव चिकटवीत नाहीत. ज्या घरी वा ज्या ठिकाणी सापडले त्याचे नाव देतात. तेथे 'बेलफील्ड' म्हणून ओळखला जाणारा गुलाब हाच स्लेटर यांचा किरमिजी चिनी गुलाब, असे पुढे ठरले. जो वाण युरोपच्या बागांतून जवळजवळ नाहीसा झाला होता, तो त्या उबदार बेटावर निमूटपणे फुलत होता. या कुळाला कडाक्याची थंडी सोसत नाही, हे त्यामागील साधे कारण.

आपल्याकडील अडचण निराळी. उत्तर भारतात कलमांसाठी 'एडवर्ड' गुलाबाचा खुंट सर्रास वापरतात. वरचा डोळा वाळला की खालचा खुंट फोफावतो आणि घरची मंडळी तोच आजीचा गुलाब समजून पाणी घालीत राहतात. स्वतःच्या मुळांवर वाढविलेल्या झाडाला ही भीती नाही.

तेव्हा मंडळाच्या ज्या सभासदांच्या वाड्यात वा देवळाच्या आवारात जुना किरमिजी गुलाब उरला असेल, त्यांनी ऑक्टोबरातील छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या रेतीमिश्रित मातीत सावलीला लावाव्यात. मूळ झाड मात्र फार खोल छाटू नये. या कुळाला ते मानवत नाही. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून रोपासाठी उंचवटा करावा. आणि पाटीवर एखादे भारदस्त फ्रेंच नाव न लिहिता वाड्याचे नाव, गल्ली आणि काडी घेतल्याचे साल, एवढेच लिहावे.