आरोग्यविदेची सायबर सुरक्षा : फोंडा आणि गोवा

रुग्णाची संगणकावर किंवा मोबाइलवर असलेली माहिती, म्हणजे नाव, गाव, तपासण्या, निदान, औषधे, विम्याचे दावे, परक्या नजरेपासून, फेरफारापासून आणि नाशापासून राखण्याची तजवीज. भारतात ती आता कायद्याने बंधनकारक आहे. मात्र फोंड्यासारख्या शहरात तिचा विचार महानगराच्या हिशेबाने करून चालत नाही. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती आणि पेडण्यासारख्या एखाद्या तालुक्याची तर सुमारे 76 हजारच. केसपेपर काढणारा कर्मचारी, रक्त घेणारी परिचारिका आणि रुग्ण एकाच वाड्यावरचे असू शकतात. नाव झाकले तरी वय, वाडा आणि आजार एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. म्हणून इथे बाहेरच्या हॅकरइतकाच धोका आतल्या, ओळखीच्या नजरेचा आहे.

गोव्याने हा धोका इस्पितळांत संगणक रुळण्याआधीच अनुभवला. बार्देशातील पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करीत. त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि 14 फेब्रुवारी 1989 रोजी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. पूर्वी क्षयरुग्णांसाठी असलेल्या एका इमारतीत त्यांना 64 दिवस एकटे ठेवण्यात आले. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा, 1985 मध्ये तशी मुभा होती. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली, पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. डिसोझा यांनी 1992 मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. रक्तपेढीतली एक नोंद माणसाच्या आयुष्याचे काय करू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देशात क्वचितच सापडेल. पुढे एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, 2017 आला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर त्याने विदासंरक्षणाची सक्ती केली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधील गोपनीयताही डिजिटल नोंदींना लागू आहे.

सर्वसाधारण चौकट तीन थरांची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील 2011 च्या नियमांनी वैद्यकीय इतिहासाला संवेदनशील माहितीचा दर्जा दिला. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि संगणक प्रणालीच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. तिसरा थर डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. माहिती फुटल्यास संबंधित रुग्णाला आणि विदा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचे आणि मंडळाला 72 तासांत तपशीलवार अहवाल द्यायचा. या कायद्यात आरोग्यविदेला वेगळा, अधिक कडक दर्जा नाही, ही त्याची मोठी उणीव म्हणावी लागेल. निव्वळ कागदी नोंद त्याच्या कक्षेत येत नाही. मात्र तोच केसपेपर मोबाइलने टिपून पाठवला की कायदा लागू होतो. छोट्या दवाखान्यांत नेमके हेच रोज घडते.

उपायांत पहिला मान स्वतंत्र लॉगिनचा. नोंदणी खिडकीवर एकच पासवर्ड तिघांनी वापरला, तर कोणी काय पाहिले हे कधीच कळत नाही. स्वतंत्र लॉगिन असले की प्रणाली प्रत्येक हालचालीची ओळ लिहिते: सकाळी 11 वाजून 42 मिनिटे, अमुक कर्मचारी, तमुक क्रमांकाचा रुग्ण, रक्ततपासणी अहवाल उघडला, छापला. त्या दिवशी तो रुग्ण इस्पितळात आलेलाच नसेल, तर ही एक ओळ पुरेशी बोलकी ठरते. नव्या नियमांनी अशा नोंदी किमान वर्षभर राखायला सांगितल्या आहेत. पण त्या नुसत्या साठवून भागत नाही, दर आठवड्याला कोणीतरी त्या वाचायला हव्यात. नातेवाईक, शेजारी किंवा सहकारी यांच्या नोंदी विनाकारण उघडल्या गेल्या का, हे पाहणे गोव्यात सर्वांत उपयोगी ठरावे. त्याला जोडून कामापुरताच प्रवेश हवा. बिल करणाऱ्याला रक्कम दिसावी, निदान दिसण्याची गरज नाही.

दुसरा मुद्दा अहवाल पाठवण्याचा. प्रयोगशाळेचा अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवणे रुग्णाच्या सोयीचे असते, पण तो तंत्रज्ञाच्या खासगी मोबाइलच्या गॅलरीतही राहतो. मोबाइल हरवला किंवा दुरुस्तीला दिला की अहवालही त्याच्याबरोबर जातो. संस्थेचा वेगळा क्रमांक, पासवर्ड घातलेली फाइल आणि ठरावीक मुदतीनंतर ती पुसण्याची शिस्त, एवढ्यानेही बरेच साधते. 2016 च्या डिसेंबरात मुंबईतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे 43 हजारांवर अहवाल इंटरनेटवर उघडे सापडले आणि त्यांत एचआयव्ही चाचण्याही होत्या. त्यासाठी कोणाला कुलूप तोडावे लागले नव्हते.

बाहेरून होणाऱ्या हल्ल्यांत खंडणी मागणारी रॅन्समवेअर प्रणाली सर्वांत घातक. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर तिने निकामी केले. सुमारे 1.3 टेराबाइट विदा कुलूपबंद झाली आणि इस्पितळाला बरेच दिवस कागद-पेनवर काम करावे लागले. नेटवर्कचे योग्य विभाजन नव्हते, असे कारण सरकारने संसदेत दिले. गोव्यातही त्याच वर्षी जूनमध्ये जलस्रोत खात्याच्या पूरनिरीक्षण प्रणालीवर असा हल्ला झाला. 15 केंद्रांची विदा अडकली आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. नोंदणी, प्रयोगशाळा आणि एक्स-रे यंत्रे वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवणे, विदेची एक प्रत इंटरनेटपासून तोडलेल्या डिस्कवर घेणे आणि ती प्रत खरोखर उघडते का हे तपासणे, हा यावरचा उपाय. अनेक ठिकाणी ही शेवटची पायरीच गाळली जाते.

डिचोली-पेडण्याच्या आरोग्य केंद्रांतून किंवा फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळातून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत (गोमेकॉ) रुग्ण जातो, तसतशी त्याची माहितीही सरकते. सावंतवाडी-दोडामार्गकडचे रुग्णही बांबोळीला येतात. राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना (2016) आणि डिजिटल आरोग्य खात्याचा आभा क्रमांक यांमुळे विमा कंपनी आणि सॉफ्टवेअर पुरवठादार यांचीही त्यात भर पडते. पुरवठादाराकडून चूक झाली तरी नव्या कायद्याने जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. म्हणून पुरवठादाराशी होणाऱ्या करारात सुरक्षेची, विदा परत करण्याची आणि पुसण्याची कलमे स्पष्ट असावीत. फर्मागुढीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आयआयटी आहेत. फोंड्यातील इस्पितळांनी त्यांच्याकडून वर्षातून एकदा प्रणाली तपासून घेणे सहज शक्य आहे आणि ते व्हायला हवे.

फसवणूक किंवा हल्ला झाल्यास नागरिकाने 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलिस ठाण्यात तक्रार करावी. आपल्या नोंदीतील विदा कोणाला दिली, हे इस्पितळाला विचारण्याचा हक्क 2023 च्या कायद्याने रुग्णाला दिला आहे आणि मुख्य बंधनांबरोबर तोही अमलात येईल.