योकोहामातील विवेकानंद आणि बुद्धगयेचा प्रश्न

शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला निघालेले स्वामी विवेकानंद १८९३ च्या उन्हाळ्यात जपानला आले, ही गोष्ट येथील भारतीय समारंभांत अभिमानाने सांगितली जाते. नागासाकी, कोबे, ओसाका, क्योतो, तोक्यो असा प्रवास करून त्यांनी १० जुलैला योकोहामाहून मद्रासच्या मित्रांना पत्र लिहिले. त्यात जपानची स्वच्छता, सैन्य व उद्योग यांचे कौतुक आहे आणि अन्नाच्या शिवाशिवीचा शतकानुशतके खल करणाऱ्या देशबांधवांची कठोर निर्भर्त्सनाही आहे. येथील मंदिरांच्या भिंतींवर जुन्या बंगाली लिपीत संस्कृत मंत्र असल्याचे ते नोंदवतात. ही सिद्धम् लिपी होय. दफनभूमीतील लाकडी सोतोबांवर आपण ती आजही पाहतो.

हा विवेकानंदांचा मोठेपणा आम्ही नाकारत नाही. परंतु त्याच वर्षी २६ सप्टेंबरला शिकागोत त्यांनी बौद्ध धम्म ही हिंदू धर्माचीच परिपूर्ती असल्याचे प्रतिपादन केले. शिवाशिवीवर आसूड ओढणाऱ्या स्वामींनी वर्णाची मूळ कल्पना मात्र सोडली नाही. सर्वांना ब्राह्मणपदापर्यंत उन्नत करणे, हा त्यांचा आदर्श राहिला.

त्याच परिषदेत अनागारिक धर्मपालही होते. परतताना ते जपानला आले आणि बुद्धगयेसाठी येथील बौद्धांनी त्यांना एक प्राचीन बुद्धमूर्ती दिली. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी ती महाबोधी विहाराच्या वरच्या मजल्यावर ठेवली, तेव्हा शैव महंतांच्या माणसांनी ती तेथून हलवली. प्रकरण न्यायालयात गेले. अखेरीस कलकत्ता उच्च न्यायालयाने त्या माणसांची शिक्षा रद्द केली. पुढे १९०२ च्या जानेवारीत जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो यांच्यासह विवेकानंद बुद्धगयेला गेले. महंतांनी त्यांचे आदराने स्वागत केले.

मूर्ती हलवण्याशी विवेकानंदांचा संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि 'बुद्ध आमचाच' या गौरवातून 'विहारही आमचेच' हा दावा किती सहज निघतो, हे बुद्धगयेत दिसते. १९४९ च्या कायद्याने नेमलेल्या व्यवस्थापन समितीतही चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी अशी रचना आहे. तिच्याविरुद्ध १९९२ पासून लढा उभारणारे भदंत सुरई ससाई मूळचे जपानचेच, कर्मभूमी मात्र नागपूर.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत का नाकारले, ते या इतिहासावरून उमगते. अवतार म्हणून पूजलेला बुद्ध वर्णव्यवस्थेला प्रश्न विचारू शकत नाही.

जपानी शेजारी सद्भावनेने विचारतात, "बौद्ध धम्म हिंदू धर्मातूनच निघाला ना?" त्यांना उत्तर देताना आमच्या मुलांनी विवेकानंदांचे योकोहामाचे पत्र जरूर सांगावे; पण धर्मपालांना मिळालेल्या जपानी मूर्तीची कथाही सांगावी. ती मूर्ती याच भूमीतून गेली होती.

जय भीम! नमो बुद्धाय!