दुसऱ्या औषधाच्या फाइलमधलं पत्र

थिओफिलिन हे दम्यावरचं जुनं औषध. रचना कॅफिनसारखीच, फक्त एक मिथाइल गट कमी. एम.एस्सी.ला ते आम्हाला एका कारणासाठी शिकवलं होतं: उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. विषाणूजन्य आजारात शरीर ते हळू बाहेर टाकतं, म्हणून नेहमीचा डोससुद्धा रक्तात साचत जातो. या औषधावरून अमेरिकेत जो खटला गाजला, तो मात्र शेवटी कागदपत्रांचा ठरला.

जानेवारी १९८६, वॉशिंग्टन राज्य. फिसन्स कंपनीचं ‘सोमोफिलिन’ हे थिओफिलिनचं पातळ औषध घेणाऱ्या दोन वर्षांच्या मुलीला झटके आले आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. पालकांनी डॉक्टर आणि कंपनी दोघांवर दावा लावला. डॉक्टरांचं म्हणणं, धोक्याची सूचना कंपनीने आम्हाला दिलीच नव्हती.

अमेरिकेत खटला उभा राहण्याआधी दोन्ही पक्ष एकमेकांकडून कागद मागतात. याला म्हणतात डिस्कव्हरी. १९३८च्या फेडरल नियमांनी ही पद्धत रुळवली. कागद दडवणाऱ्याला खर्च भरायला लावण्यापासून त्याचा बचावच काढून टाकण्यापर्यंत शिक्षा आहेत. (आपल्याकडेही १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ११, नियम २१ आहे: आदेश पाळला नाही तर वादीचा दावा फेटाळता येतो, प्रतिवादीचा बचाव रद्द करता येतो.) १९८३च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली. उत्तरावर सही करणारा वकील ‘मी पुरेशी चौकशी केली आहे’ याची हमी देतो. वॉशिंग्टन राज्यानेही तसाच नियम घेतला.

आता बघा काय झालं. लहान मुलांमधल्या थिओफिलिनच्या विषबाधेबद्दल डॉक्टरांना पाठवलेली पत्रं द्या, अशी मागणी होती. उत्तर आलं: ‘सोमोफिलिनबद्दल’ अशी पत्रं असतील तर देऊ. प्रश्न रेणूबद्दल, उत्तर ब्रँडबद्दल! माझ्या लॅबमध्ये बाटलीवरचा कोड आणि आतलं रसायन यांत कोणी असा घोळ घातला तर गाइड दिवसभर बोलतील. इथे मात्र तो घोळ उत्तराच्या शब्दांतच नीट बसवलेला होता.

मार्च १९९०मध्ये डॉक्टरांच्या वकिलाच्या हाती निनावी स्रोताकडून आलेलं एक पत्र पडलं. ते १९८१चं, कंपनीनेच मोजक्या वजनदार डॉक्टरांना पाठवलेलं. विषाणूजन्य आजार असलेल्या मुलांना थिओफिलिन दिल्यास जिवावर बेतू शकतं, असा त्यात इशारा होता. मग १९८५चा एक अंतर्गत मेमोही बाहेर आला. दोन्ही कागद कंपनीकडेच होते, पण ‘इन्टाल’ या तिच्याच दुसऱ्या औषधाच्या फाइलमध्ये. इन्टाल खपवायचं तर थिओफिलिनचे धोके सांगणं सोयीचं होतं. थिओफिलिन विकताना नाही. थोड्याच दिवसांत कंपनीने मुलीच्या कुटुंबाशी ६९ लाख डॉलरला तडजोड केली.

तरी खालच्या कोर्टाने कागद दडवल्याबद्दल शिक्षा नाकारली. नामांकित वकिलांनी प्रतिज्ञापत्रं दिली होती, की अशी उत्तरं देणं हीच वकिलीची रीत आहे. मला हा भाग सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यांना ते खरंच प्रामाणिकपणे वाटत असणार. १९९३मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हे उलटवलं. रीत काय आहे हा निकष नाही, फसवण्याचा हेतू सिद्ध व्हायलाच हवा असंही नाही. मागणी अवाजवी वाटली तर कोर्टाकडून संरक्षण मागा, परस्पर अर्थ बदलून उत्तर देऊ नका. नियम मोडला असेल तर शिक्षा द्यावीच लागेल.

किती, हे ठरवायला प्रकरण परत खाली गेलं. सुनावणी पुरी होण्याआधीच ते ३ लाख २५ हजार डॉलरवर मिटलं.