ग्रीनस्टेड चर्च
ग्रीनस्टेड चर्च : इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील एक लहान ग्रामीण चर्च. चिपिंग आँगर या गावाच्या पश्चिमेस सु. १·५ किमी.वर ते असून संत अँड्रू याच्या नावे आहे. मूळच्या लाकडी भिंती अद्याप उभ्या असलेले जगातील सर्वांत प्राचीन चर्च म्हणून त्याचा निर्देश केला जातो.

चर्चच्या मुख्य दालनाच्या भिंती ओक वृक्षाची खोडे उभी चिरून रचलेल्या आहेत. खोडाची गोलाकार बाजू बाहेर व सपाट बाजू आत ठेवली आहे. कडांना खाचा पाडून त्यांत लाकडी पट्ट्या बसविल्यामुळे शेजारशेजारची खोडे एकमेकांत घट्ट अडकतात आणि फटींतून वारा व पाऊस आत येत नाही. अशी ५१ खोडे आज अवशिष्ट आहेत. वेदीकडील विटांचा भाग व छपरातील खिडक्या इ. स. १५०० च्या सुमाराच्या होत. त्यापूर्वी दालन बरेच अंधारे असले पाहिजे. मनोऱ्यातील एका घंटेवर १६१८ हे वर्ष कोरलेले आहे. १८४८-४९ च्या जीर्णोद्धारात खोडांची कुजलेली बुडे कापून त्यांखाली विटांचे जोते घालण्यात आले. त्यामुळे मूळ बांधणीचा काही पुरावा गेला, हे खरे. पण भिंती टिकल्या त्याही त्यामुळेच.

या भिंतींच्या काळाविषयी बराच मतभेद होता. १९६० मधील वृक्षवलयांच्या अभ्यासावरून त्यांचा काळ इ. स. ८४५ च्या सुमारास मानला जाई व तोच अनेक ग्रंथांत रूढ झाला. १९९५ मध्ये सुधारित पद्धतीने केलेल्या परीक्षणात मात्र ही लाकडे १०६३ ते ११०८ या दरम्यान तोडली गेली असावीत, असे आढळले. खोडाची बाहेरील कोवळी वलये झिजून गेली असतील, तर त्यांची संख्या अंदाजाने धरावी लागते. म्हणून येथे एकच वर्ष सांगता येत नाही. तरीही निष्कर्षाचा परिणाम मोठा आहे. डेन लोकांनी ८६९ मध्ये ठार केलेला ईस्ट अँग्लियाचा राजा संत एडमंड याचा देह १०१३ मध्ये लंडनहून बेरी येथे परत नेताना या चर्चमध्ये विसावला, अशी परंपरा आहे व आँगरजवळच्या लाकडी प्रार्थनामंदिराचा जुना लिखित उल्लेख तिला आधार म्हणून दाखविला जातो. परंतु सध्याच्या भिंती त्या वर्षी अस्तित्वातच नव्हत्या. परंपरा सर्वस्वी त्याज्य ठरते, असे मात्र नव्हे. कारण १९६० च्या उत्खननात वेदीकडील भागाखाली आणखी दोन जुन्या लाकडी वास्तूंच्या खुणा मिळाल्या. त्या सहाव्या-सातव्या शतकांतील असाव्यात. म्हणजे स्थान प्राचीन आहे, भिंती त्यामानाने अर्वाचीन.

कामगार चळवळीच्या इतिहासातही या चर्चचा उल्लेख येतो. संघटना स्थापून गुप्त शपथ दिल्याबद्दल १८३४ मध्ये डॉर्सेटमधील टॉलपडल येथील सहा शेतमजुरांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले होते. १८३६ मध्ये माफी मिळाल्यावर परतलेल्यांपैकी काहींना या परिसरात शेते देण्यात आली. त्यांपैकी जेम्स ब्राइन याचा विवाह १८३९ मध्ये याच चर्चमध्ये त्याचा सहकारी टॉमस स्टँडफील्ड याच्या मुलीशी झाला.