सोलापूरचा के दिहुआ

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला भेटतात ते दोनच ठिकाणी. एक, व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या सिनेमात. दुसरं, चीनचा कुणी बडा पाहुणा भारतात आला की छापून येणाऱ्या बातमीत. दोन्हीकडे ते थेट हुतात्मा म्हणूनच येतात, जणू मुंबईच्या धक्क्यावर बोटीत पाय ठेवतानाच त्यांचा पुतळा झाला होता. मला कुतूहल आहे ते त्याआधीच्या माणसाचं. सत्तावीस वर्षांचा, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून बाहेर पडलेला सोलापूरचा पोरगा. तो तिकडे राहिला कसा? खाल्लं काय? बोलला कुठल्या भाषेत?

आधी थोडी पार्श्वभूमी. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी लाल सेनेचे सेनापती झू द यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी लोकांना आवाहन केलं, निधी जमला आणि पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने ते मुंबईहून निघाले. बोली होती साधारण वर्षभराची. म्हणजे आजच्या भाषेत, एका वर्षाचा कॉन्ट्रॅक्ट.

त्या वर्षाची सुरुवातच पळापळीत झाली. हे लोक ग्वांगझौला उतरले, तिथून हानकौला गेले, आणि त्यांनी मागे सोडलेली शहरं एकामागून एक जपान्यांच्या हाती पडत गेली. ऑक्टोबर संपायच्या आत ग्वांगझौही गेलं आणि हानकौही. यांगत्से नदीने वर वर सरकत ते चोंगचिंगला पोचले. तिथे कोटणीसांना घरची बातमी कळली: वडील वारले. परदेशात असताना अशी बातमी येणं म्हणजे काय, हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना सांगायला नको. तेव्हा तर व्हिडिओ कॉल सोडाच, साधं पत्रही पोचायला कैक आठवडे लागत. ते परत फिरले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यान्आनला पोचलं.

यान्आन म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांचा मुलूख. त्या मातीत कमानीच्या तोंडाच्या गुहा कोरून माणसं राहत, इस्पितळंही गुहांतच. हिवाळ्यात पाणी गोठतं. मे महिन्यात डोकं तापवणाऱ्या सोलापूरच्या माणसासाठी हीच पहिली परीक्षा. जेवायला बहुतेक वेळा एकच धान्य, आणि ते होतं राळा. हो, आपलाच राळा! दख्खनच्या कोरडवाहू शिवारात ज्वारी-बाजरीच्या जोडीने पिकायचा, जुनी माणसं ज्याचा भात करायची, तोच उत्तर चीनच्या गरिबांचं मुख्य अन्न होता. भरड धान्याची सवय असलेल्या मुलखातून आलेल्या माणसाला ताटातलं धान्य तरी परकं नव्हतं. परकी होती ती भाषा.

चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘माय’ हा उच्चार एका सुरात ‘विकत घेणं’, तर दुसऱ्या सुरात ‘विकणं’. मराठी कानाला तिसराच अर्थ ऐकू येणार, तो वेगळाच. वर लिपी अशी, की शब्दागणिक चिन्ह पाठ करायचं. आणि डॉक्टरचं काम तर पहिल्याच प्रश्नापाशी अडतं: कुठे दुखतंय? दुभाषा मधे ठेवून शस्त्रक्रिया करता येते, पण जखमी शेतकऱ्याची भीती दुभाष्यातून पोचत नाही. कोटणीस भाषेच्या मागे लागले. सोलापूरकराला याचं फार नवल वाटू नये. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्याला दुसऱ्याच्या भाषेत शिरायची लाज वाटत नाही. हा माझा तर्क, पण मला तो पटतो.

वर्ष संपलं. १९३९ मध्येच चोळकर आणि मुखर्जी परतले, पुढे आजारपणामुळे अटलही गेले. राहिले बसू आणि कोटणीस. १९४० मध्ये दोघं जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या शान्सी-हबे सीमेवरच्या डोंगरी तळावर पोचले. नंतर बसूंना यान्आनला परतावं लागलं. तिथून पुढे कोटणीसांच्या आसपास आपल्याकडचं एकही माणूस नव्हतं. शिवी द्यायलासुद्धा चिनीच!

याच भागात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जंतुसंसर्ग झाला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती इस्पितळाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. इस्पितळ म्हणजे भव्य इमारत नव्हे. खेड्यातल्या घरांत खाटा, आणि शत्रू जवळ आला की सगळं उचलून दुसऱ्या गावाला. इथे ते चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रियाशास्त्र शिकवत आणि त्यासाठी चिनीतच पाठ्यपुस्तक लिहीत. तोवर त्यांचं नावही चिनी झालं होतं: के दिहुआ. पाचही डॉक्टरांच्या नावाला ‘हुआ’ जोडलं होतं. हुआ म्हणजे चीन.

सिनेमावर माझा राग आहे तो इथेच. पडद्यावर चिनी माणसं झकास हिंदी बोलतात, त्यामुळे कोटणीसांनी सगळ्यात जास्त घाम ज्यासाठी गाळला तीच गोष्ट दिसेनाशी होते.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी ग्वो चिंगलान या परिचारिका-शिक्षिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिन्हुआ, यिन म्हणजे भारत. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. दुसऱ्या पाठ्यपुस्तकाची पानं अर्धवट राहिली.

यिन्हुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, पंचविशीही ओलांडायच्या आत, तो गेला. चिंगलान मात्र खूप जगल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. जून २०१२ मध्ये दालियानला, ९६व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सोलापुरात कोटणीसांच्या जन्मघराचं स्मारक लोकांसाठी उघडलं होतं.