बाबांची १९८० सालची मेल

२००४ सालची गोष्ट. मी तेव्हा अमेरिकेत होतो. बाबांशी फोनवर वाजलं, म्हणून मग एक लांबलचक मेल लिहिली. तीन आठवडे उत्तर नाही. बाबा रागावले, असं धरून मीही फोन केला नाही. एकदा जुनं काहीतरी शोधताना यादीच्या अगदी तळाशी त्यांचं उत्तर सापडलं. तारीख : १ जानेवारी १९८०!

कारण साधंच निघालं. मेलवरची तारीख पाठवणाऱ्याचा संगणक घालतो. बाबांच्या संगणकातला छोटा सेल संपला होता, त्यामुळे बंद करून चालू केला की घड्याळ परत १९८० वर. पण पत्रावर हाताने घातलेली तारीख चुकली तरी पोस्टाचा शिक्का असतोच ना? इथेही तसंच. वाटेतला प्रत्येक सर्व्हर 'रिसीव्ह्ड' अशी ओळ घालून आपली वेळ नोंदवतो. पूर्ण हेडर उघडून या ओळी खालून वर वाचल्या. बाबांनी त्याच रात्री उत्तर दिलं होतं.

तारीख वर्षांनी चुकली तर सेल बघावा. नेमकी काही तासांनी चुकली तर टाइम झोन.

त्या ओळींच्या शेवटी '+०५३०' होतं. हे साडेपाच तास सरकारने १ जानेवारी १९०६ ला लागू केले. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. मुंबईत विरोध झाला आणि नगरपालिकेची घड्याळं 'बॉम्बे टाइम'च दाखवत राहिली, थेट १९५५ पर्यंत! रेल्वेची वेळ मात्र निराळी. "किती वाजले?" याबरोबर "कुठल्या घड्याळात?" हेही विचारावं लागे.

मेलचे नियम करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आला. १९८२ च्या नियमांत अंकांबरोबर 'ईएसटी', 'पीडीटी' अशी अक्षरंही चालत. पण 'आयएसटी' म्हणजे भारत, इस्रायल की आयर्लंड? २००१ च्या नियमांनी नव्या मेलमध्ये फक्त अंकच घालायचे असं ठरवलं.

बाबांच्या मेलमध्ये दोनच ओळी होत्या. राग नाही. जेवण वेळेवर घेत जा.

माझं घड्याळ अगदी बरोबर होतं. तरी तीन आठवडे चुकलो मीच.

असो. ती मेल अजून ठेवली आहे, १९८० मध्येच.